पुठ्ठ्याएवढी जागा

खोली दोन वाजता मिळेल, असं त्याने स्वच्छ हिंदीत सांगितलं, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. गेस्टहाउसचं ऑफिस म्हणजे एक टेबल, टेबलामागे तो, आणि टेबलापुढे एका माणसाला उभं राहता येईल एवढी फरशी. सॅक इथे ठेवून जाऊ का, असं मी विचारलं. त्याने मागे वळून पाहिलं, मीही पाहिलं. धुवायला निघालेल्या चादरींचे गठ्ठे छताला टेकले होते. ठेवायला खरंच जागा नव्हती. "दीदी, दो बजे पक्का," तो म्हणाला, आणि मी आठ किलोंची सॅक पुन्हा पाठीवर चढवून लिफ्टच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

२०१९ सालच्या जानेवारीतला रविवार. माझा परदेशातला पहिला दिवस. डोंबिवलीच्या एका पतपेढीत मी नोकरी करते. दोन वर्षं दर महिन्याला बाजूला टाकलेले पैसे आणि सेलमध्ये सापडलेलं विमानाचं तिकीट, एवढ्यावर हे पाच दिवस उभे होते. हाँगकाँगच का, असं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी एकच उत्तर दिलं. तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही. आधी ऑनलाइन नोंदणी करायची, तिची प्रिंट जवळ ठेवायची, की चौदा दिवस राहता येतं. व्हिसाची फी वाचली की त्यात दोन रात्रींचं भाडं निघतं.

विमानतळावर खिडकीतल्या बाईंनी पासपोर्टवर शिक्का मारलाच नाही. आत एक छोटी छापील चिठ्ठी सरकवली आणि पासपोर्ट परत केला. कोऱ्या पानावरचा पहिला शिक्का बघायला मी दोन वर्षं थांबले होते. तिथले शिक्के २०१३ सालीच बंद झालेत, हे मला नंतर कळलं. चिठ्ठीवर तारीख होती: या दिवसापर्यंत राहता येईल. मी बोटांवर मोजलं. चौदा दिवस. हा आकडा त्याच दुपारी पुन्हा माझ्यासमोर येणार होता, वेगळ्याच माणसांच्या तोंडून.

शहरात जायला वेगवान रेल्वे आहे, तिला शंभराहून जास्त डॉलर पडत होते. ए-ट्वेंटीवन नावाच्या दुमजली बसला तेहतीस. एक हाँगकाँग डॉलर म्हणजे तेव्हाचे साधारण नऊ रुपये, त्यामुळे निवड आधीच झालेली होती. दीडशे डॉलर देऊन बस-रेल्वेत चालणारं ऑक्टोपस कार्ड घेतलं (त्यातले पन्नास अनामत, कार्ड परत केलं की मिळणारे) आणि वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेपाशी जाऊन बसले. बस त्सिंग मा पुलावर चढली. या झुलत्या पुलाचा मधला गाळाच १,३७७ मीटर आहे, आणि आपण वरून जात असतो तेव्हा पोटातल्या मजल्यावरून आगगाडी धावत असते. खाली हिरवंकरडं पाणी, पुढे कंटेनरांच्या रंगीत भिंती, आणि मग एकाएकी इमारती. सरळ उभ्या, बारीक, एकमेकींना चिकटलेल्या. तिसाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर काठीवर कुणाचातरी लेंगा वाळत होता. तो बघून मला फार धीर आला.

माझं गेस्टहाउस चुंगकिंग मॅन्शन्समध्ये होतं. नेथन रोडवरची ही १९६१ सालची इमारत. सतरा मजले, पाच भाग, आणि त्यांत चिमुकल्या गेस्टहाउसांची दाटी. महागड्या शहरात स्वस्त खाट शोधणारा जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी या दारातून आत जातो. प्रत्येक भागाला दोन छोट्या लिफ्ट, एक सम मजल्यांची, दुसरी विषम मजल्यांची. तळमजल्यावर पैसे बदलून देणाऱ्यांच्या खिडक्या. रस्त्यालगतच्या खिडकीपेक्षा आतल्या अंगाच्या खिडकीत भाव बरा मिळतो, हे मी वाचून गेले होते आणि ते तसंच निघालं. मोबाइलची दुकानं, तळणातले सामोसे, आफ्रिकेतले व्यापारी, पंजाबी, बंगाली, नेपाळी. इतक्या लांब येऊन कानावर पहिला आवाज पडला तो हिंदीचा. बाहेरच्या रस्त्यावर मी परकी होते. आत कुणी मान वर करूनही पाहत नव्हतं, आणि एकटीने आलेल्या बाईला तेच हवं असतं.

पण बसायचं कुठे?

खिशात मोजके पैसे घेऊन फिरणाऱ्याला मोठ्या शहराची ओळख खाण्यावरून किंवा देखाव्यांवरून होण्याआधी या प्रश्नावरून होते. रात्रभर विमानात अवघडून बसलेलं अंग, पाठीवर आठ किलो, आणि समोर तीन तास. कॉफीच्या दुकानात बसायचं तर चाळीस डॉलर, म्हणजे माझ्या दोन वेळच्या जेवणाचा हिशेब विस्कटणार. मॉलमध्ये चकचकीत फरशी होती, बाक नव्हते. हाँगकाँग सरकारने छोट्या छोट्या मोकळ्या तुकड्यांवर बाक टाकून ठेवलेत आणि त्यांना अधिकृत नावच 'सिटिंग-आउट एरिया' आहे. बाहेर बसण्याची जागा. घरं इतकी लहान, की बाहेर बसणं ही सरकारी सोय करावी लागली. मला ते नाव मनापासून आवडलं. एका गल्लीत तसा एक तुकडा सापडलाही. चार बाक, आणि चारही भरलेले. आजोबा मंडळी जाडजूड जॅकेटं घालून, हात बाह्यांत खुपसून, कुणाशी न बोलता बसली होती. ती त्यांची रोजची जागा असणार. मी दोन मिनिटं कुंपणाशी उभी राहिले आणि निघाले.

त्यापेक्षा पाण्यावर बसावं, असं ठरवलं.

चुंगकिंगपासून, समोरच्या हाँगकाँग बेटावर नेणाऱ्या स्टार फेरीचा धक्का दहा मिनिटांवर आहे. धक्क्याजवळ लाल विटांचा घड्याळाचा मनोरा उभा आहे, ४४ मीटर उंच, १९१५ सालचा. इथून रेल्वे निघायची, थेट चीनमधल्या कँटनकडे. स्टेशन सत्तरच्या दशकात पाडलं, मनोरा लोकांनी आग्रह धरला म्हणून राहिला. त्याच्या सावलीतून मी फेरीकडे गेले. तेव्हा चार डॉलरच्या आतलं भाडं, खालच्या मजल्याचं आणखी थोडं कमी. खालचाच मजला घेतला.

आणि बसले. लाकडी बाक, त्याच्या फळीत चांदणीच्या आकाराची भोकं पाडलेली. पाठ अशी, की ढकलली की दुसऱ्या बाजूला जाते. बोट दोन्ही टोकांनी सारखीच, वळत नाही, म्हणून माणसाने पाठ उलटी करायची आणि तोंड पुढे करून बसायचं. माझ्या पुढच्या बाईने एका हाताने खटकन पाठ फिरवली, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. निळ्या खलाशी गणवेशातल्या म्हाताऱ्याने जाड दोर सोडला. इंजिनाची धडधड तळपायांतून वर आली, डिझेलचा वास आला, आणि मला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच आठवली. तो वास तसाच आहे.

आठवायला आणखी एक कारण होतं. ही फेरी सुरू केली ती मुंबईहून तिथे गेलेल्या एका पारशाने. दोराबजी नवरोजी मिठाईवाला. हाँगकाँगमध्ये तो आधी स्वयंपाकी होता, मग बेकरी, हॉटेल असं करत करत १८८८ साली त्याने फेरीची कंपनी काढली. दहा वर्षांनी ती विकताना नवी मालकी पॉल चेटर या माणसाच्या कंपनीकडे गेली. हा चेटर जन्माने कलकत्त्याचा आर्मेनियन. त्यानंतर तिला स्टार फेरी हे नाव मिळालं, पण बोटींच्या नावात तारा ठेवायची रीत मिठाईवाल्याचीच. दुसऱ्याच्या घरी रांधणाऱ्या माणसाने इतरांना पाण्यापलीकडे न्यायची सोय केली, ही गोष्ट मी घरून निघायच्या आधी वाचली होती आणि आईला वाचून दाखवली होती. आई म्हणाली, "स्वयंपाकी होता ना, मग हिशेबाला पक्का असणार."

या भाड्याला तिथे किती किंमत आहे, तेही सांगायला हवं. १९६६ साली वरच्या वर्गाचं भाडं पाच सेंटने वाढवायचं ठरलं. फक्त पाच सेंट. तेव्हा एक तरुण धक्क्यावर उपोषणाला बसला. त्याला अटक झाली आणि कौलूनच्या, म्हणजे चुंगकिंगच्या बाजूच्या, रस्त्यांवर काही रात्री दंगल पेटली. स्वस्त वाहतूक ही श्रीमंतांना किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. ज्याचा दिवस नाण्यांवर चालतो त्याला पाच सेंट म्हणजे काय, ते नीट कळतं. मी त्या बोटीत माझी वही काढली आणि आकडा लिहिला. समोर काचेच्या इमारतींची रांग जवळ येत होती आणि त्या रांगेमागे डोंगर होता. दहा मिनिटांत पलीकडे पोचलो. उठावंसं वाटत नव्हतं.

वहीत पुढचं लिहिलेलं होतं: बँकेचे सिंह, मग डोंगरावर चढणारी पीक ट्राम, शिखरावरून शहर. हाँगकाँग शांघाय बँकेची इमारत १९८५ सालची. तिचा तळमजला मुळी बांधलेलाच नाही. सगळी इमारत वर उचलून धरली आहे आणि खालून लोकांना आरपार जाता येतं. दाराशी १९३५ सालचे दोन ब्राँझचे सिंह आहेत, स्टीफन आणि स्टिट नावाचे. एकाच्या अंगावर दुसऱ्या महायुद्धातल्या गोळ्यांच्या तुकड्यांचे व्रण अजून आहेत. ते व्रण बघायचे म्हणून मी निघाले होते.

सिंहांपाशी पोचायच्या आधीच आवाज आला. हजारो बायका एकाच वेळी बोलत असतील तर जसा येईल तसा. आपल्याकडे लग्नघरात जेवणाच्या पंगतीआधी असतो तसला, पण त्याच्या शंभरपट. चेटर रोड रविवारी वाहनांना बंद असतो, आणि तो रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरला होता. पुलांखाली, पुलांवर, पायऱ्यांवर, महागड्या घड्याळांच्या बंद दुकानांसमोर, आणि बँकेच्या त्या उघड्या तळमजल्यावर बायका बसल्या होत्या. जमिनीवर पुठ्ठे अंथरून. नुसते अंथरूनच नाही. खोक्यांचे पुठ्ठे उभे करून त्यांनी गुडघाभर उंचीच्या भिंती केल्या होत्या, टेपने जोडून. प्रत्येक भिंतीच्या आत एक घर. चपला बाहेर काढून ओळीने ठेवलेल्या. आत कुणी पत्ते खेळतंय, कुणी दुसरीचे केस कापतंय, कुणी नखं रंगवतंय, कुणी फोनवर समोरच्या लहान मुलाला गाणं म्हणून दाखवतंय, कुणी तोंडावर रुमाल टाकून गाढ झोपलंय. एका कोपऱ्यात आठ-दहा जणी नाच बसवत होत्या. दुसरीकडे मोठ्या खोक्यात साबण, दूधपावडर, टॉवेल, चॉकलेटं ठासून भरणं चाललं होतं, गावी पाठवायला.

आधी मला वाटलं जत्रा आहे. मग वाटलं निदर्शनं असतील. मग लक्षात आलं की ही सुट्टी आहे.

मी सॅकचे पट्टे धरून उभी होते, किती वेळ ते आठवत नाही. खांबाजवळच्या एका पुठ्ठ्यावरच्या बाईने माझ्याकडे बघितलं, माझ्या सॅककडे बघितलं, आणि शेजारणीला कोपराने सरकवून एक हात पुठ्ठ्यावर थापटला. बस. कुठल्याही भाषेत तेवढंच होतं ते. मी बूट काढले.

त्या सहा जणी होत्या. पन्नाशीच्या पुढची एक, बाकीच्या तिशी-चाळिशीतल्या. सगळ्या फिलिपिन्सच्या. त्या थोरलीला सगळ्या 'आते' म्हणत होत्या. मी चमकून विचारलं, ही तुमची वडिलांची बहीण का? त्यांना काही कळेना. मग उलगडा झाला. त्यांच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण, ताई. मी सांगितलं की आमच्याकडे आते म्हणजे वडिलांची बहीण. आतेला हे इतकं आवडलं की तिने उठून शेजारच्या पुठ्ठ्यावर जाऊन ते सांगितलं आणि हसत परत आली. त्यानंतर मीही तिला आतेच म्हणाले. दोन्ही अर्थांनी चाललं असतं.

"काइन तायो," एक जण म्हणाली, आणि डबे उघडले. चला, जेवू या. बारीक शेवयांसारखी पान्सित, भात, आणि व्हिनेगरमध्ये शिजवलेली कोंबडी. मी सॅकमधून आईने दिलेल्या दशम्या काढल्या आणि शेंगदाण्याची चटणी. दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या तीन दिवस टिकतात, मी त्या काटकसरीने पुरवणार होते. त्या एका बसण्यात संपल्या. चटणी त्यांनी भातावर घेतली आणि डबा पुसून परत दिला. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा तिने पहिलं विचारलं, की त्यांना तिखट लागली का.

जेवताना मी प्रश्न विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. तेव्हा हाँगकाँगमध्ये बाहेरदेशाहून आलेल्या घरकामगार पावणेचार लाखांहून जास्त होत्या, निम्म्याहून अधिक फिलिपिन्सच्या, बाकी बऱ्याचशा इंडोनेशियाच्या. इंडोनेशियाच्या बायका रविवारी कॉजवे बेच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये जमतात. आठवड्यातून एक दिवस सुट्टी कायद्याने द्यावी लागते. किमान पगार तेव्हा ४,५२० डॉलर, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या आसपास. करार दोन वर्षांचा. आणि मालकाच्या घरातच राहायचं. २००३ पासून हा नियम पक्का झाला, बाहेर खोली घेऊन राहायला परवानगी नाही. ज्या शहरात चार बाकांचा तुकडा ही सरकारी सोय आहे, तिथल्या घरांत कामाच्या बाईला खोली कुठून असणार? एक जण मुलांच्या खोलीत वरच्या बंकवर झोपायची. दुसरी बैठकीत, सगळे झोपल्यावर गादी घालून, सगळे उठायच्या आत गुंडाळून.

"रविवारी घरी थांबलं तर सुट्टी राहत नाही," आते म्हणाली. "कुणीतरी पाणी मागतंच. म्हणून पाऊस असो, थंडी असो, बाहेर पडायचं."

पुठ्ठ्यावरच्या त्या भिंती कशासाठी ते मला तेव्हा कळलं. वारा अडवायला असतीलच. पण आठवड्यातून एकदा का होईना, आपली म्हणता येईल अशी चार भिंतींची जागा त्या करून घेत होत्या. तिथे त्यांना हाक मारून उठवणारं कुणी नव्हतं.

मग आतेने मला विचारलं, तू किती दिवस आहेस? मी म्हटलं, पाच. पण चौदा दिवस राहता येतं. सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. "आम्हालाही चौदाच," एक जण म्हणाली. नोकरी सुटली, मालकाने काढलं किंवा हिने सोडली, तर चौदा दिवसांत देश सोडावा लागतो. १९८७ पासूनचा नियम. म्हणून वाईट घर मिळालं तरी बायका तोंड मिटून राहतात, कारण चौदा दिवसांत दुसरं घर मिळणं अवघड. आतेला तिथे अकरा वर्षं झाली होती. इतर परदेशी माणूस सात वर्षं राहिला की त्याला कायमचं राहण्याचा अर्ज करता येतो. घरकामगारांना नाही. त्यांच्यातल्याच एका बाईने त्याविरुद्ध खटला लढवला आणि २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विरुद्ध निकाल दिला. हे सगळं आते शांतपणे सांगत होती, मधेच शेवया वाढत. गावी ती प्राथमिक शाळेत शिकवायची. इथे आली तेव्हा तिचा मुलगा चार वर्षांचा होता. तो आता तिच्या बहिणीला आई म्हणतो.

माझ्या पासपोर्टातली चिठ्ठी मला चुरचुरली. तोच आकडा मला भेट म्हणून मिळाला होता.

माझी आई डोंबिवलीत पोळ्यांची कामं करायची. मी पाचवीत असल्यापासून ते पतपेढीत लागेपर्यंत चार घरं होती. पहाटे एक, सकाळी दोन, संध्याकाळी एक. सकाळच्या दोन घरांच्या मध्ये चाळीस मिनिटं मोकळी असायची. आमच्या घरी येऊन परत जायला तेवढा वेळ पुरत नसे. म्हणून ती त्या इमारतीच्या जिन्यात बसायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, जिथे खिडकीतून उजेड येतो तिथे. स्वतःचा डबा तिथेच खायची. शनिवारची अर्धी शाळा सुटली की मी तिच्याकडे जायचे आणि आम्ही दोघी पायरीवर बसून जेवायचो. कुणी वर-खाली करायला लागलं की आई उठून भिंतीला लागून उभी राहायची, डबा हातात धरून. ती ज्या घरांत काम करायची तिथली माणसं वाईट नव्हती. बसू नका, असं कुणी कधी म्हटलं नाही. पण ओट्यापुढे उभं राहून दीडशे पोळ्या लाटणाऱ्या बाईने त्या घरात नेमकं कुठे बसायचं, हे ना त्यांना माहीत होतं ना आईला. एकदा नव्या वॉचमनने जिन्यातून उठवलं. त्यानंतर काही महिने ती ती चाळीस मिनिटं रस्त्यावर चालत काढायची. मला तिने हे बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

मी त्या बायकांना हे सांगितलं. का ते माहीत नाही, मी ऑफिसात कधी सांगितलं नव्हतं. आते म्हणाली, "मग ती आमच्यातलीच." आणि विचारलं, आता तिचे पाय कसे आहेत? डोक्याचं नाही, कमरेचं नाही, नेमकं पायांचं विचारलं. आईच्या पायांना व्हेरिकोज व्हेन्स आहेत, दोन्ही. मी सांगितलं. आतेने पँटचा काठ वर करून स्वतःची पोटरी दाखवली.

दोन वाजून गेले. तीन वाजले. पीक ट्राम मी त्या दिवशी केली नाही. तो दुःखाचा भाग अजिबात नाही. शिखरावर नंतर जाऊन आले, चांगलं आहे. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे.

निघताना आतेने सांगितलं, की थकली असशील तर ट्राममध्ये बस, शेवटपर्यंत जा आणि परत ये, कुणी उठवत नाही. तेव्हा दोन डॉलर साठ सेंट, कितीही लांब. १९०४ पासून चालणारी ती ट्राम हाँगकाँग बेटाच्या उत्तर काठाने धावते, दुमजली, अरुंद, घंटा वाजवत. तिथले लोक तिला डिंग डिंगच म्हणतात. मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे द्यायचे. मी वरच्या मजल्यावर पुढची खिडकी धरली. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, माझे आजोबा तिची आठवण काढायचे. लालबागहून कामावर जाताना वरच्या मजल्यावर बसलं की हवा लागते, म्हणायचे. त्यांनी सांगितलेली हवा मला तिथे लागली. दुकानांच्या पाट्या हाताला लागतील इतक्या जवळून जात होत्या. सुकवलेल्या माशांचा वास, मग औषधी मुळांचा, मग नुसता थंड वारा. मधे कुठेतरी मला झोप लागली, सॅक मांडीवर घेऊन. कुणी उठवलं नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला फेरी पकडायला मी पुन्हा त्याच रस्त्याने आले. बायका उठत होत्या. पुठ्ठ्याच्या भिंती टेप कापून सपाट करत होत्या. काही पुठ्ठे सुतळीने बांधून पुढच्या रविवारसाठी कुठेशी नेऊन ठेवत होत्या. उरलेले एका जागी रचत होत्या, नीट, काठाला काठ लावून. तिथे एक चिनी म्हातारी लोखंडी ढकलगाडी घेऊन थांबली होती, कमरेत पार वाकलेली. रद्दीत पुठ्ठे विकून जगणाऱ्या अशा म्हाताऱ्या तिथे जागोजागी दिसतात. एक तरुण फिलिपिनो मुलगी पुठ्ठे उचलून तिच्या गाडीवर लावून देत होती. दोघी काही बोलत नव्हत्या. आते मला दिसली नाही. नऊपर्यंत घरी पोचावं लागतं, म्हणाली होती, पण त्याआधी बहुतेक पैसे पाठवायच्या रांगेत उभी असेल. दहा मिनिटांत ते सगळे रस्ते रिकामे झाले, इतके स्वच्छ, की सोमवारी सकाळी बँकेत येणाऱ्या माणसाला इथे काल कुणी बसलं होतं याची खूणही दिसली नसती. ब्राँझच्या सिंहावरचे व्रण मी जाता जाता बघितले.

खोली मिळाली. खाट, खाटेच्या टोकाला बाथरूमचं दार, आणि इमारतीच्या आतल्या बोळात उघडणारी खिडकी. खुर्ची नव्हती, ठेवता आलीच नसती. रात्री आठला पाण्याकाठी रोषणाईचा खेळ असतो, फुकट, तो उभ्याने बघितला आणि परत आले. दशम्या नव्हत्या, म्हणून कोपऱ्यावरून पाव आणि केळी घेतली. मग खाटेवर मांडी घालून आईला फोन लावला. तिथे नऊ वाजले होते, म्हणजे डोंबिवलीत साडेसहा. ती नुकतीच तिच्या एका घरून आली होती. आता एकच ठेवलं आहे.

मी सगळं सांगितलं. पुठ्ठे, भिंती, बंक, चौदा दिवस. पोटरीचंही. ती मधे काही बोलली नाही. फोन कटला की काय, असं मला वाटलं.

"सुट्टी सगळ्यांना रविवारीच असते का गं?" तिने विचारलं.

"बहुतेक सगळ्यांना."

"आणि मग त्या दिवशी त्या घरांतलं जेवण कोण करतं?"

मी ते विचारलं नव्हतं. बाहेर लिफ्टचं दार उघडून बंद झालं, कुणीतरी सामान ओढत गेलं.

"पुढच्या वेळी विचार," आई म्हणाली. "आणि त्या आतेला सांग, रात्री पायाखाली उशी घेऊन झोप म्हणावं."